नाटकाचा जमाखर्च फळ्यावर लागतो, फुटबॉल लीगचा का नाही?

प्रति,
माननीय केंद्रीय क्रीडामंत्री, नवी दिल्ली
प्रत: गोव्याचे क्रीडामंत्री, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. पतसंस्थेत हिशेबनीस होतो, आता निवृत्त. गावात माझ्याकडे दोन पेट्यांच्या किल्ल्या आहेत. एक देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकाच्या वर्गणीची, दुसरी गावच्या फुटबॉल क्लबची. दोन्ही पेट्या पत्र्याच्या, दोन्हींची कुलपं एकाच दुकानातली. खजिनदाराच्या जागेसाठी आमच्याकडे कधी निवडणूक झाली नाही, कारण ते काम कुणालाच नको असतं. मला चिकटून १९ वर्षं झाली.

इंडियन सुपर लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार आणि सगळे १४ क्लब खेळणार, असं आपण ६ जानेवारीला जाहीर केलंत. बातमी आली त्या संध्याकाळी क्लबातल्या चहाचे पैसे कुणीतरी न मागता दिले, यावरून आनंद किती झाला ते समजा. १४ संघ एकमेकांशी एकदाच खेळणार म्हणजे ९१ सामने. हे गणित मी पेपराच्या कडेला केलं. मग जित्याची खोड, पुढचं गणित मांडायला बसलो. एका सामन्याला खर्च किती, त्यातला कोण किती देणार, उरलं तर कुणाचं आणि बुडालं तर कुणाच्या डोक्यावर? ते काही जमेना. सुपर लीग आणि तिच्या खालची आय-लीग, या दोन्ही राष्ट्रीय लीगसाठी मिळून महासंघ १४ कोटी घालणार, एवढा एकच आकडा हाती होता. एका आकड्यावर ताळेबंद होत नाही.

म्हणून हे पत्र.

आमच्याकडे नाटक कसं होतं ते आधी सांगतो, म्हणजे माझं मागणं काय आहे ते कळेल. उत्सवाच्या दोन महिने आधी वर्गणीची वही घरोघर फिरते. पडदे, कपडेपट, रंगभूषा, ऑर्गन-तबला, बाहेरून आणलेल्या नटीची बिदागी, असा सगळा खर्च. नाटक पहाटे संपतं. नायकाच्या तोंडावरचा रंग उतरायच्या आत लोक मला विचारायला लागतात, "काय, जमाखर्च कधी?" चार दिवसांत तो देवळाच्या फळ्यावर लागावा लागतो. हाताने लिहिलेला, खाली दोघांच्या सह्या. एकदा पेट्रोमॅक्सच्या भाड्याचे २०० रुपये दोनदा धरले गेले होते. ते एका म्हाताऱ्या बाईने शोधून काढलं, जिने स्वतः ११ रुपये वर्गणी दिली होती. तिला हक्क होता. महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या कारभाऱ्यांच्या, सभेत तिने उभं राहून विचारलं आणि मी उभं राहून चूक कबूल केली. नाटक पडलेलं गाव विसरतं. पडलेला हिशेब विसरत नाही.

आता फुटबॉलच्या पेटीकडे येतो. (बाहेरच्यांना वाटतं गोव्याचा फुटबॉल म्हणजे फक्त मडगावकडची सासष्टी, आणि फोंड्यात नुसती देवळं आणि नाटकं. भात कापून झाल्यावर आमच्या शेतात एकदा येऊन पाहा. बांधाला पाय अडकून पडलेले बचावपटू दाखवतो.) काही वर्षांपूर्वी आमच्या आंतरग्राम स्पर्धेला एका सरकारी योजनेतून २५ हजार रुपये अनुदान मिळालं. मिळालं म्हणजे मंजूर झालं. हातात यायला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते मी नेऊन दिलं. फाईल तीन वेळा परत आली. पहिल्यांदा, गोलपोस्ट करणाऱ्या सुताराच्या बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. त्याच्याकडे तो असणारच कुठून? दुसऱ्यांदा, रेषा मारायच्या चुन्याच्या बिलावर "दोन पोती" लिहिलं होतं, किलो लिहिले नव्हते. तिसऱ्यांदा, बक्षीस समारंभाच्या फोटोत योजनेच्या नावाचा फलक दिसत नव्हता, कारण त्याच्यासमोर आमचा गोलकीपर उभा होता आणि तो सहा फूट आहे. फोटो पुन्हा काढायचा तर करंडक विजेत्या गावाकडून परत आणायला हवा होता. आणला. विजेता संघ पूर्ण जमेना, तेव्हा चार पोरं आमचीच उभी केली.

मी रागावलो नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण नंतर शांतपणे विचार केला तर त्या कारकुनाचं तत्त्व बरोबर होतं. पैसा लोकांचा आहे, तो कुठे गेला ते कागदावर दिसलं पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे की जो नियम आमच्या दोन पोती चुन्याला, तो वर जाता जाता कुठे विरघळतो?

वरच्या मजल्यावरचा कागद आम्हाला पेपरातूनच दिसतो. २०१० मध्ये महासंघाने आपले व्यावसायिक हक्क देण्याचा आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार केला. वर्षाला सरासरी ४६-४७ कोटी. त्यावर महासंघ चालला, आणि २०१४ पासून सुपर लीग त्याच घरच्या कंपनीने चालवली. वाईट चालवली असं मी म्हणणार नाही. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमचं गवत त्याआधी आम्ही एवढं हिरवं पाहिलेलं नव्हतं, आणि झिको गोव्याच्या संघाचा प्रशिक्षक होऊन मडगावात राहील हे माझ्या वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण १५ वर्षांच्या करारात एक तारीख पहिल्या दिवसापासून छापलेली असते, शेवटची. ८ डिसेंबर २०२५. ती तारीख कुणापासून लपलेली नव्हती. तरी ११ जुलैला क्लबांना कळवलं गेलं की पुढचा हंगाम थांबवून ठेवला आहे. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, निकालापर्यंत नवा करार करायचा नव्हता. १९ सप्टेंबरला न्यायालयाने घटनेला मान्यता दिली. मग लीगच्या व्यावसायिक हक्कांची निविदा निघाली, महासंघाला वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा उत्पन्नाच्या पाच टक्के, यात जे जास्त असेल ते. ७ नोव्हेंबरला मुदत संपली, तेव्हा पेटीत एकही लखोटा नव्हता.

एकही नाही. आमच्या देवळाच्या नारळांच्या पावणीला, म्हणजे लिलावालासुद्धा, दोघं तरी येतात.

त्या मधल्या महिन्यांत गोव्यात काय चाललं होतं ते दिल्लीतून दिसलं असेल की नाही, ठाऊक नाही. १४ ऑक्टोबरला भारत-सिंगापूर सामना फातोर्ड्याला होता, आशिया चषकाच्या पात्रतेचा. भाच्याबरोबर कदंबच्या बसने मडगावला गेलो. आधी गोल आपण केला, मग त्यांनी दोन. परत यायला बस नव्हती, भाजीच्या रिकाम्या पिकअपमधून आलो आणि वाटेत कुणी बोललं नाही. आठवड्याने, २२ ऑक्टोबरला, त्याच मैदानावर सौदीचा अल नासर आला. एफसी गोवा १-२ असा हरला, पण ब्रायसन फर्नांडिसचा गोल झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारून माझा चष्मा वाकवला. चष्मा अजून तसाच आहे. आणि ७ डिसेंबरला सुपर कपची अंतिम लढत, पुन्हा फातोर्डा, समोर ईस्ट बंगाल. १२० मिनिटांत गोल नाही, पेनल्टीवर ६-५. गोव्याने कप राखला. माणसं नाचत बाहेर पडली आणि दुसरा दिवस उजाडला तो ८ डिसेंबरचा. देशातल्या कप जिंकलेल्या संघाला त्या सकाळी खेळायला लीग नव्हती. जानेवारी लागताच सुनील छेत्री आणि गोव्याचा संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंना कॅमेऱ्यासमोर उभं राहून थेट फिफाला हाक मारावी लागली. ज्यांनी इतकी वर्षं देशाचा शर्ट घातला त्यांनी फिफाच्या झुरिककडे पदर पसरावा, हे पाहून मान खाली गेली.

एकाच खिशावर खेळ चालवण्याचे परिणाम गोव्याने याआधी पाहिले आहेत, म्हणून आम्ही जरा जास्तच दचकतो. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा वर्षांत आय-लीग, तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, सहाही वेळा गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. प्रशिक्षक आर्मांद कुलासो यांनी धेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, त्यांना द्रोणाचार्य मिळायला २०२४ चे पुरस्कार यावे लागले. हे क्लब उभे राहिले त्यामागे मुख्यतः गोव्यातल्या उद्योगपती घराण्यांचा पैसा होता, आणि त्यातला बराच खाणीतून आलेला. कुणाला तो पैसा लाल मातीचा वाटतो, मला त्यावर आत्ता बोलायचं नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीग सोडली. त्यांचं म्हणणं होतं की महासंघाच्या नव्या आराखड्यात त्यांची लीग दुय्यम ठरते. खरंच ठरत होती. सहा वेळचे विजेते ज्या राज्यातले, तिथले तीन क्लब एका मोसमात राष्ट्रीय पटावरून पुसले गेले आणि कुणी विचारलं नाही की त्यांच्या पोरांचं पुढे काय. धेंपो परत वर यायला २०२४ उजाडलं. साळगावकर अजून आलेला नाही.

म्हणून सरकारने राष्ट्रीय लीगमध्ये पैसा घालावा का, असं मला कुणी विचारलं तर मी हो म्हणतो. फक्त आधी एक कबूल करा. सरकारचा पैसा लीगमध्ये आधीपासूनच आहे.

फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम कुणाचं? गोवा क्रीडा प्राधिकरणाचं. २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांच्या, स्पर्धेसाठी आणि नंतर २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी त्यावर खर्च कुणी केला? करदात्याने. कोविडमध्ये २०२०-२१ आणि २०२१-२२ असे दोन पूर्ण हंगाम सगळ्या देशाचे सामने गोव्यात झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. तिन्ही सार्वजनिक मैदानं. सामन्याच्या दिवशी वाहतुकीला आणि दरवाजावर पोलीस असतात, त्यांचा पगार तिजोरीतून जातो. मैदान आपलं, बंदोबस्त आपला, आणि लीग मात्र खासगी. आमच्या नाटकाला मंडप, पडदे आणि वीज देवस्थानाने दिली तर पहिल्या रांगेच्या तिकिटांचा हिशेब महाजन मागणार नाहीत काय? इथे सगळ्यात मोठा भांडवलदार लोक आहेत, आणि तेवढ्यांनाच सभेचं बोलावणं नाही.

हिशेब मागायला आता कायदाही आहे. गेल्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. तो आपल्याच खात्याचा, त्यामुळे आपल्याला मी काय सांगणार. त्यात महासंघाच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि महिला असण्याची सक्ती आहे, क्रीडा लवादाची सोय आहे. त्यातलं माझ्या कामाचं कलम माहितीच्या अधिकाराचं. ज्या संघटनेला केंद्राकडून किंवा राज्याकडून अनुदान किंवा इतर आर्थिक मदत मिळते, तिला त्या अनुदानाच्या किंवा मदतीच्या वापरापुरता माहितीचा अधिकार लागू.

"त्या अनुदानाच्या किंवा मदतीच्या वापरापुरता." हे शब्द मी तीनदा वाचले. हिशेबनीसाची नजर अशा जागी आपोआप थांबते. म्हणजे आपल्या खात्याने बैठक घेऊन लीग वाचवली, क्लब मालकांना एका टेबलावर बसवलं, राज्यांची मैदानं मिळाली, पण "लीगसाठी अनुदान" अशा शीर्षाखाली एक रुपया गेला नाही, तर लीगच्या वहीला हात लावायची सोय नाही. मदत सगळी, पावती कशाचीच नाही. माझ्या पेटीत असं कुणी करायला गेलं असतं तर मी किल्ली खाली ठेवली असती.

तेव्हा माझं मागणं उलट्या बाजूने आहे. लपूनछपून मदत करू नका, उघड अनुदान द्या. शीर्ष ठरवून द्या, म्हणजे त्यासोबत वहीही उघडेल. आणि ते खेळाडूंच्या पगारात किंवा मालकांच्या तोट्यात घालू नका. परदेशी स्ट्रायकरला किती द्यायचे हा मालकाचा शौक आहे, तो त्याने त्याच्या पैशाने करावा. सरकारी पैसा सामन्याला द्या. रेफ्री, लाइन्समन, रुग्णवाहिका, मैदानाचं भाडं, खालच्या लीगच्या संघांचा प्रवास. या गोष्टी मोजता येतात. दर ठरवता येतो. सामना झाला की पैसा, झाला नाही की नाही.

रेफ्रींबद्दल एक गोष्ट सांगतोच. आमच्या स्पर्धेत एक रेफ्री यायचा, दिवसा दुकानात काम करणारा, तरुण, शिट्टी अशी फुंकायचा की देवळाच्या घंटेला लाज वाटावी. पेनल्टी दिली की दिली, सरपंच आला तरी मागे फिरायचा नाही. दोन वर्षांत त्याने शिट्टी सोडली. मी कारण विचारलं. म्हणाला, "काका, एका सामन्याचं मानधन तीन महिन्यांनी येतं, आणि शिव्या लगेच." देशाची लीग सुधारायची असेल तर त्याचं मानधन शिव्यांच्या आधी पोचेल एवढं करा. यासाठी सल्लागार कंपनी लागत नाही.

दुसरं, पैसा द्याल तो एका वर्षापुरता देऊ नका. १४ फेब्रुवारीला चेंडू हलेल, मे महिन्यात थांबेल, आणि जूनमध्ये पुन्हा तेच प्रश्न येतील. कोण चालवणार, कुठे दाखवणार, किती देणार? एकाच फेरीचा हंगाम आपत्काळात ठीक आहे. पण क्लबाने पोराशी तीन वर्षांचा करार करायचा आणि लीगचा स्वतःचा भरवसा तीन महिन्यांचा, हे कसं जुळणार? निदान तीन हंगामांचा आकडा आज जाहीर करा. लहान असला तरी चालेल. आमच्या नाटकाला पुढच्या वर्षीची तारीख आणि निम्मी वर्गणी आधी ठरलेली असते, म्हणून तर नट मिळतात.

हे लिहीत असताना भाचा शेजारी बसून वाचत होता. तो क्लबचा सेंटर-हाफ आहे आणि माझ्यापेक्षा सरळ विचार करतो. म्हणाला, "मामा, त्यांना कोटी द्यायला सांगतोस आणि आपल्या मैदानाला कुंपण नाही. गुरं गोलपोस्टात झोपतात." त्याचं खरं आहे. आमचं मैदान म्हणजे देवळाच्या मागची सपाट जागा, एका कोपऱ्यात उतार आहे आणि त्या बाजूला खेळणारा विंगर नेहमी जास्त वेगवान दिसतो. सरकारकडे १०० रुपये असतील तर त्यातले किती वर आणि किती खाली, हा वाद आमच्या ओसरीवर रात्री अकरापर्यंत चालला. मी म्हटलं, वरची लीग बंद पडली तर खालचं पोर कशासाठी धावेल? तो म्हणाला, खाली मैदानच नसेल तर वर कोण पोचेल? शेवटी दोघांचं जमलं ते एका अटीवर. वरच्या लीगला दिलेल्या प्रत्येक रुपयामागे काही पैसे ज्या राज्यात सामने होतात तिथल्या तालुका पातळीच्या मैदानांना बांधून द्यावेत आणि ते किती हे आधी छापावं. आकडा आम्ही सुचवत नाही. आपण सुचवा, आम्ही फळ्यावर वाचू.

कारभाराबद्दल थोडं. सरकारने पैसा द्यावा म्हणजे सरकारने लीग चालवावी असं नाही, हे मला कळतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफाने त्रयस्थ हस्तक्षेपाचं कारण देऊन महासंघाला निलंबित केलं होतं. दहा-अकरा दिवसांनी ते उठलं, पण तेवढे दिवस ऑक्टोबरमधल्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकावर टांगती तलवार होती, आणि त्यातले सामने फातोर्ड्याला व्हायचे होते. त्यामुळे कुणी कॅप्टन व्हावं, कुणाला संघात घ्यावं यात खात्याने पडूच नये. पण हिशेब मागणं म्हणजे हस्तक्षेप, असं जो सांगेल त्याने आधी माझ्याकडून २५ हजारांच्या त्या फाईलची कहाणी ऐकावी.

लीगच्या संचालक मंडळात खेळाडूंचा माणूस हवा, मत देणारा, नुसता चहा पिणारा नको. प्रेक्षकांचाही हवा. हसू येईल, पण फातोर्ड्याच्या पूर्वेच्या स्टँडवर बसणारे निम्मे लोक महासंघाच्या निम्म्या सभासदांपेक्षा ऑफसाइड नीट ओळखतात.

निकालाचंही तसंच. गेल्या मोसमात आय-लीगचा करंडक एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या हातात होता. जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. वाद अपात्र खेळाडू उतरवल्याचा होता. कोण बरोबर यात मी पडत नाही, दोन्हींकडे वकील आहेत. पण अपात्र खेळाडू मैदानात उतरला की नाही हे ठरवायला सामना संपल्यावर एक आठवडा पुरतो. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझानपर्यंत जावं लागलं. गोव्यात लोकांनी मिरवणूक काढली आणि अडीच महिन्यांनी त्यांना कळलं की ती मिरवणूक चुकून निघाली होती. नव्या कायद्यातला लवाद यासाठी वेळेवर कामाला लागला तर उपकार होतील.

गोव्याच्या क्रीडाखात्याला वेगळं पत्र लिहायला हवं, पण एक ओळ इथेच लिहितो. फुटबॉल हा आपला राज्यखेळ म्हणून आपण मिरवतो, संतोष करंडक पाच वेळा आणला, गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फुलं दिली. फातोर्ड्याच्या प्रत्येक लीग सामन्याला राज्याने काय दिलं आणि राज्याला काय मिळालं याचा एक तक्ता मोसम संपल्यावर प्राधिकरणाच्या दारावर लावा. संगणकावर नको, दारावर. मडगावला आलो की वाचून जाईन.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाचा सुवर्णचषक वडिलांनी पाहिला होता. ते सांगायचे की मोठी माणसं खुर्च्यांवर बसायची आणि बाकीचे झाडांवर. झाडावरच्यांनी तिकीट काढलेलं नसायचं, पण रेफ्रीला तेच जास्त प्रश्न विचारायचे. मी त्यांचाच मुलगा. सुपर लीगच्या सामन्याला जातो तेव्हा तिकीट काढतो, टॅक्स भरतो, आणि प्रश्न तरीही झाडावरूनच विचारावे लागतात.

उत्तर यावं ही अपेक्षा आहे. पोच नको, पोच आमच्या क्लबाकडे भरपूर आहेत.

सोबत आमच्या गेल्या आंतरग्राम स्पर्धेचा जमाखर्च जोडला आहे. बिलांच्या प्रती मागे टाचल्या आहेत. चुना या वेळी किलोत लिहिला आहे. शिल्लक ३४० रुपये पेटीत आहेत आणि एक पोतं चुना उरला आहे, तो ओलावू नये म्हणून देवळाच्या माडीवर ठेवला आहे.

कळावे,

आपला,
एका गावच्या फुटबॉल क्लबचा खजिनदार
फोंडा तालुका, गोवा
जानेवारी २०२६